अल्पांतरी घुमटघर

अल्पांतरी घुमटघर हे त्रिकोणांच्या जाळीतून उभारलेले, साधारणतः अर्धगोलाच्या आकाराचे लहान घर होय. ‘जिओडेसिक डोम’ या नावानेही ते ओळखले जाते. अमेरिकन रचनाकार रिचर्ड बकमिन्स्टर फुलर (१२ जुलै, इ.स. १८९५ – १ जुलै, इ.स. १९८३) यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या घराचा पुरस्कार केला. सापेक्षता, ऊर्जेची अक्षय्यता, ताण व दाब यांचा समतोल या भौतिकशास्त्रातील कल्पना राहत्या घराला लावून पाहण्याचा तो एक प्रयोग होता. जाळी न वापरता फेरोसिमेंट किंवा काँक्रीटच्या अखंड पातळ कवचातून बांधलेली घुमटघरे ही याच कुळातील, पण रचनेने निराळी आहेत. महाराष्ट्रात घुमटघराचा प्रश्न प्रत्यक्ष निवाऱ्याचा प्रश्न म्हणून पुढे आला तो ३० सप्टेंबर, इ.स. १९९३ रोजी तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि लातूर या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर.

नाव

कोणत्याही पृष्ठावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत कमी लांबीच्या रेषेला गणितात अल्पांतरी रेषा म्हणतात. सपाट कागदावर ती सरळ असते. गोलावर ती बृहद्वृत्ताचा भाग असते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान नकाशावर उत्तरेकडे वाकडे गेल्यासारखे दिसते, परंतु पृथ्वीच्या गोलावर तोच जवळचा मार्ग असतो. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात याच शब्दाला विशेष महत्त्व आले. वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि मुक्तपणे जाणारी वस्तू त्या वक्रतेतील अल्पांतरी मार्गाने जाते, असे तो सिद्धांत सांगतो. फुलर यांच्या घुमटातील दांड्या गोलावरील बृहद्वृत्तांच्या अनुरोधाने बसविलेल्या असतात, म्हणून घुमटालाही हे नाव मिळाले. दोन्हीकडे गणित एकच असले तरी घुमटाचा गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताशी थेट संबंध नाही. लोकप्रिय लेखनात हा भेद पुष्कळदा पुसला जातो.

फुलर आणि भौतिकशास्त्र

फुलर हे भौतिकशास्त्रज्ञ नव्हते. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले होते. इ.स. १९२२ मध्ये त्यांची जवळजवळ चार वर्षांची मुलगी आजारपणात दगावली. आपण राहत असलेली दमट, अपुरी घरे या मृत्यूला कारणीभूत झाली अशी त्यांची धारणा झाली आणि घर हा त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराचा विषय बनला. इ.स. १९२७-२८ मध्ये त्यांनी ‘फोर डी’ नावाच्या घराचा आराखडा मांडला. लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीला काळ ही चौथी मिती, हा सापेक्षतेच्या सिद्धांतातून सर्वतोमुखी झालेला विचार त्यांनी गृहरचनेत आणला. घर किती चौरस फुटांचे एवढेच न विचारता ते बांधायला, वाहून न्यायला, झाडायला व दुरुस्त करायला किती वेळ लागतो हेही मोजले पाहिजे, असा त्याचा आशय होता. घराचे वजन किती, हा प्रश्न वास्तुरचनाकाराला विचारणारेही ते पहिल्या काहींपैकी होते.

हेच घर पुढे ‘डायमॅक्सियन घर’ म्हणून प्रसिद्ध झाले. मधोमध एक खांब, त्याला तारांनी टांगलेली षट्कोनी खोली, अशी त्याची कल्पना होती. सायकलच्या चाकाचा आस जसा बारीक आऱ्यांच्या ताणावर तोलला जातो, तसाच हा विचार. दगड-विटांचे बांधकाम दाबावर उभे असते, त्यामुळे जड होते. पोलादाच्या ताणशक्तीचा उपयोग केला तर तेच काम अल्प वजनात होते, हे फुलर यांचे मुख्य म्हणणे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कॅन्सस राज्यातील विचिटा येथे बीच एअरक्राफ्ट या विमान कारखान्यात या घराची वर्तुळाकार, ॲल्युमिनियमची आवृत्ती तयार करण्यात आली. तिचा व्यास सुमारे ३६ फूट होता. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन होण्याआधीच योजना बारगळली. राहिलेल्या नमुन्यांचे भाग एका कुटुंबाने विकत घेऊन वापरले आणि अखेर ते मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात आले, तेथे इ.स. २००१ पासून ते प्रदर्शनात आहे.

इ.स. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन चेन्स टू द मून’ या पुस्तकात फुलर यांनी आइन्स्टाइन यांच्या विचारांचे दैनंदिन जीवनावरील परिणाम सांगणारी प्रकरणे लिहिली. त्यांतील एका प्रकरणाच्या शीर्षकातच वस्तुमान व ऊर्जा यांचे समीकरण घरकाम करणाऱ्या एका सामान्य स्त्रीच्या श्रमशक्तीशी जोडलेले आहे. आइन्स्टाइन यांनी हस्तलिखित वाचून भेटीस बोलावले व मान्यता दिली, अशी हकीकत फुलर स्वतः सांगत. त्यांचे पुढील काळातील ‘सिनर्जेटिक्स’ हे दोन खंडांतील लेखन मात्र भौतिकशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने आपले मानले नाही. फुलर यांनी सिद्धांतांतून दृष्टी घेतली, सूत्रे नव्हेत, असे म्हणणे योग्य ठरेल.

त्रिकोणी जाळीचा घुमटही सर्वस्वी त्यांचा शोध नव्हे. जर्मनीतील येना येथे झाइस कंपनीसाठी वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी तारांगणाकरिता इ.स. १९२०च्या दशकाच्या आरंभीच असा घुमट उभारला होता. फुलर यांनी अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात इ.स. १९४८ मध्ये केलेला पहिला मोठा प्रयत्न उभाच राहिला नाही. पुढच्या वर्षी तो साधला. इ.स. १९५४ मध्ये त्यांना या रचनेचे अमेरिकन एकस्व मिळाले. इ.स. १९६७ च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनातील सुमारे ७६ मीटर व्यासाचा अमेरिकन घुमट हे तिचे सर्वाधिक परिचित उदाहरण.

या रचनेने विज्ञानाचे ऋण काही अंशी फेडले, हेही नमूद करण्यासारखे आहे. गोलाकार विषाणूंच्या प्रथिन-कवचाची मांडणी उलगडताना डोनाल्ड कॅस्पर व एरन क्लूग यांना इ.स. १९६२ मध्ये फुलर यांच्या घुमटांचा उपयोग झाला. इ.स. १९८५ मध्ये सापडलेल्या, ६० कार्बन अणूंच्या पोकळ रेणूला ‘बकमिन्स्टरफुलरीन’ हे नाव देण्यात आले. या शोधाबद्दल हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल व रिचर्ड स्मॉली यांना इ.स. १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भूमिती

चार दांड्यांची चौकट कोपऱ्यांत बिजागऱ्या असतील तर तिरकी होते. तीन दांड्यांची होत नाही. बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलू शकत नाही, या शाळकरी भूमितीतील सत्यावर सगळा घुमट उभा आहे. वीस समभुज त्रिकोणांच्या विंशतिफलकापासून आरंभ करतात, प्रत्येक त्रिकोणाचे लहान त्रिकोण पाडतात आणि सर्व शिरोबिंदू गोलपृष्ठावर ढकलतात. कितीही बारीक भाग पाडले, तरी पूर्ण गोलावर पाच दांड्या एकत्र येणारे बिंदू बाराच राहतात. बाकी सर्व ठिकाणी सहा दांड्या भेटतात. लिओनार्ड ऑयलर यांच्या बहुफलकांविषयीच्या सूत्रातून हे निघते.

प्रत्येक बाजूचे दोन भाग पाडले तर अर्धगोलाला ६५ दांड्या, २६ सांधे व ४० त्रिकोण लागतात. दांड्यांच्या लांब्या दोनच : त्रिज्येच्या ०.५४७ पट अशा ३० आणि ०.६१८ पट अशा ३५. उदाहरणार्थ, २५० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे २३.२ चौरस मीटरच्या वर्तुळाची त्रिज्या २.७२ मीटर येते. त्यावरील घुमटास सुमारे १.४९ मीटरच्या ३० व १.६८ मीटरच्या ३५ दांड्या, एकूण सुमारे १०३ मीटर नळी किंवा बांबू लागेल. तळाशी वर्तुळ न राहता दशकोन होतो, त्यामुळे प्रत्यक्ष जमीन सुमारे २३४ चौरस फूटच मिळते. गावातील फिटरला दोन मापांच्या नळ्या कापून टोके चपटी करता आली तर सांगाडा एका दिवसात उभा राहू शकतो. अवघड काम त्यानंतरचे, म्हणजे आच्छादनाचे.

तळाच्या तेवढ्याच क्षेत्रफळावर अर्धगोलाचे बाह्यपृष्ठ तळाच्या बरोबर दुप्पट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर असते. त्याच क्षेत्रफळाच्या चौरस खोलीस ३ मीटर उंचीच्या भिंती व सपाट छत धरले तर ८१ चौरस मीटर बांधकाम करावे लागते. साहित्याची ही बचत घुमटाच्या बाजूने नेहमी सांगितली जाते. तिची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. चौरस खोलीत सुमारे ७० घनमीटर हवा मावते, घुमटात ४२. शिवाय घुमटाची भिंत आत झुकलेली असल्यामुळे १.७ मीटर उंचीच्या माणसाला ताठ उभे राहता येईल असा भाग केवळ १४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १५० चौरस फूट उरतो. कागदावरचे अडीचशे फूट डोके वर केल्यावर दीडशे होतात. लहान घराच्या बाबतीत हा फरक गौण मानता येत नाही. घुमट अर्ध्या-पाऊण मीटर उंचीच्या उभ्या भिंतीवर बसविला तर ही अडचण बरीच कमी होते, पण मग ती भिंत भूकंपात टिकावी लागते.

भार आणि भूकंप

घुमटाच्या वरच्या भागात सर्व दिशांनी दाब असतो. अर्धगोलाच्या माथ्यापासून सुमारे ५२ अंशांखाली आडव्या कड्यांत ताण निर्माण होतो आणि घुमट तळाशी बाहेर पसरू पाहतो. जुन्या गवंड्यांनी हा पसरण्याचा जोर जाडीने रोखला. धाराशिवपासून फार दूर नसलेल्या विजापूरच्या गोल घुमटाच्या भिंती सुमारे ३ मीटर जाड आहेत. पोलाद आल्यावर तेच काम तळाच्या एका सळईबंद कड्याने होऊ लागले. जाळीच्या घुमटात प्रत्येक दांडी हा ताण किंवा दाब आपल्या लांबीच्या दिशेने वाहून नेते, वाकत नाही. कमी साहित्यात अधिक बळकटी येते ती यामुळे.

भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. जमीन हलते, वस्तुमान जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि मधले सांधे तुटतात. मराठवाड्यातील जुन्या माळवदावर पावसापासून व उन्हापासून रक्षण म्हणून एक ते दोन फूट जाडीचा मातीचा थर असे आणि दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडे. वरील २३.२ चौरस मीटरच्या खोलीवर फक्त ३० सेंटिमीटर माती धरली तरी तिचे वजन ११ टनांच्या आसपास जाते. तेवढ्याच जमिनीवरील ३ सेंटिमीटर जाडीचे फेरोसिमेंटचे अर्धगोल कवच भिंत व छत मिळून साडेतीन टनांच्या आत बसते. हादऱ्याचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या पाचव्या हिश्शाइतका मानला, तर माळवदाच्या छतावर दोन टनांहून अधिक आडवा जोर येईल आणि संपूर्ण कवचावर पाऊण टनाहूनही कमी. दगडी भिंतींचे वजन यात धरलेलेच नाही.

हे गणित पायाभोवतीची जमीन सारखी आहे असे गृहीत धरते. मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एकसंध कवचाचा पाया एका बाजूस खचला तर तडा कवचभर जातो. म्हणून अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत खोल नेणे किंवा मुरमाची भर घालणे आवश्यक ठरते.

भारतातील घुमट

अहमदाबादेत कॅलिको गिरणीच्या विक्रीकेंद्रासाठी गौतम व गिरा साराभाई यांनी इ.स. १९६०च्या दशकाच्या आरंभी फुलर यांच्या तत्त्वावर घुमट बांधला. पुढे देखभालीअभावी त्याची दुरवस्था झाली. फुलर यांनी इ.स. १९६९ मध्ये नवी दिल्ली येथे जवाहरलाल नेहरू स्मृती व्याख्यान दिले होते.

महाराष्ट्रात आधुनिक भौतिकशास्त्रातून स्फुरलेल्या वास्तूचे नाव निघाले की पुण्यातील आयुका संस्थेचा परिसर आठवतो. जयंत नारळीकर यांनी स्थापनेपासून जोपासलेल्या या संस्थेची रचना चार्ल्स कोरिया यांनी केली. तेथील मध्यवर्ती कुंड प्रसरणशील विश्वाचे सूचन करते, आणि फूकोचा लंबक तसेच आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे परिसरात आहेत. मात्र तेथे भौतिकशास्त्र हे प्रतीक आहे. घुमटघरात ते भार पेलण्याचे काम करते.

धाराशिव-लातूर भूकंप आणि लहान घराचा प्रश्न

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या ६.२ क्षमतेच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व परिसर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, कवठा, एकोंडी ही तेरणा खोऱ्यातील गावे उद्ध्वस्त झाली. हा भाग तोवर देशाच्या भूकंपनकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविला जात असे; इ.स. २००२ च्या सुधारित नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात घेण्यात आला.

माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींत आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पदर असत, मध्ये चिखल व चिपा भरलेल्या असत, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड फारसे नसत. हादऱ्याने पदर विलग झाले, भिंत फुगून ढासळली, वरचे माळवद खाली आले. ज्या जुन्या वाड्यांत खण, तुळया व खांब यांचा लाकडी सांगाडा भिंतीवर न विसंबता स्वतंत्र उभा होता, तेथे भिंती पडूनही छत काही ठिकाणी तगले. लाकडाच्या सांध्यांतील ही लवचीकता फुलर यांच्या ताणविचाराच्या जवळची आहे. ती गावच्या सुतारांना माहीत होती, पण भूकंपानंतर तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. उलट दगडाची अशी धास्ती बसली की न पडलेले वाडेही लोकांनी उतरविले आणि त्यांचे सागवान विकले गेले.

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. अशा प्रकारे २५० फुटांचे सुटसुटीत, भूकंपात न पडणारे घर ही एकाएकी हजारोंच्या संख्येने सोडवायची समस्या झाली. शासनाबरोबर स्वयंसेवी संस्था व देणगीदारही त्यात उतरले आणि निरनिराळ्या तंत्रांचे नमुने या टापूत आले. उमरगा तालुक्यात व आता स्वतंत्र असलेल्या लोहारा तालुक्यात प्रामुख्याने सपाट छताची आयताकृती घरे उभी राहिली. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातील गुबाळ या गावी घुमटाकार घरांची वसाहत झाली. पुनर्वसनावरील अभ्यासपूर्ण लेखनात तिचा उल्लेख विशेष प्रयोग म्हणून येतो.

आकाराची निवड भूकंपाच्या दृष्टीने निर्दोष होती. घुमटाला कोपरे नाहीत, भिंत व छत यांचा सांधा नाही, वजन अल्प आहे. माळवदाखाली गाडली गेलेली माणसे पाहिलेल्या लोकांना डोक्यावर जड काही नसण्याचा दिलासा काय असतो, हे वेगळे सांगायला नको. पण घर भूकंपाच्या मिनिटभरासाठी नसते. ते उरलेल्या वर्षांसाठीही असते. पुनर्वसनाबद्दलचे बहुतेक आक्षेप या उरलेल्या वर्षांतले आहेत, आणि ते आयताकृती घरांनाही काही प्रमाणात लागू पडतात.

राहण्यातील अडचणी

मराठवाड्यातील शेतकऱ्याचे घर म्हणजे एक खोली नव्हे. ओसरी, सोपा, माजघर, न्हाणी, परस आणि गोठा असा तो क्रम असतो. भिंतीत देवळी व कोनाडे, खुंट्या, धान्यासाठी बळद किंवा कणगी, जमिनीत पेव. भिंत ही येथे केवळ आडोसा नसून साठवणीची जागा असते. झुकत्या पातळ कवचात कोनाडा कोरता येत नाही, बळद तर नाहीच. कणगी वर्तुळाकार असल्याने ती बसते. खाट, कपाट, मांडणी या सरळ वस्तू भिंतीला टेकत नाहीत व मागे वाया जाणारी जागा राहते. आधीच दीडशे फूट उभे राहण्याजोग्या घरातून ही जागाही वजा करावी लागते. चुलीचा धूर माथ्याशी साचतो, त्यामुळे तेथे झाकणीचे धुराडे नसेल तर स्वयंपाक बाहेर जातो. तसे धुराडे असेल तर मात्र तापलेली हवा त्यातून निघून जाते आणि घर सपाट सिमेंटच्या खोलीपेक्षा सुसह्य होते. उन्हाळ्यात चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात कवचाला दरवर्षी चुन्याची पांढरी सफेदी देणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे.

सर्वांत मोठी अडचण वाढीची. मुलाचे लग्न झाले की आयताकृती घराला एक खण जोडतात, पुढे पत्रा काढतात. घुमटाला काय जोडावे? दुसरा घुमट जोडला तर दोन वक्र पृष्ठांच्या सांध्यात पाणी साचते. सरळ भिंत जोडली तर कवच कापावे लागते आणि कापलेल्या ठिकाणी ताणाचे कडे तुटते. दारासाठीही हेच खरे असल्याने दाराभोवती सळईची जाड कड आवश्यक असते. प्रत्यक्षात पुनर्वसित गावांतून घराभोवती पत्र्याची, तसेच जुन्या ढिगाऱ्यातून आणलेल्या दगड-मातीची बांधकामे वाढत गेली. मूळ घर भूकंपरोधक आणि त्याला टेकलेली नवी खोली मात्र इ.स. १९९३ पूर्वीसारखी, असा प्रकार अनेक ठिकाणी झाला. नवी गावे जुन्यांच्या कित्येक पट जागेवर, रुंद रस्त्यांच्या चौकटीत पसरली, त्यामुळे भिंतीला भिंत असलेल्या गल्ल्या, भावकीची आळी आणि एकमेकांच्या ओसरीवरचे बसणेही तुटले.

आकाराच्या अर्थाचाही एक भाग आहे. या भागात घुमट म्हटला की दर्गा, मशीद किंवा मठ डोळ्यांपुढे येतो. संसार घुमटाखाली थाटणे ही सवयीची गोष्ट नव्हती. हा आक्षेप तांत्रिक नाही म्हणून अभियंत्यांनी तो सोडून दिला, तर घर रिकामे राहण्याची शक्यता वाढते.

गळतीचा अनुभव तर खुद्द फुलर यांनाही चुकला नाही. इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथे इ.स. १९६० मध्ये त्यांनी पत्नी ॲन यांच्यासह राहण्यासाठी लाकडी फळ्यांचे घुमटघर घेतले. ते काही तासांत उभे झाले आणि पुढे सांध्यांतून गळत राहिले. कॅलिफोर्नियातील लॉइड कान यांनी ‘डोमबुक’ ही घुमटबांधणीची पुस्तके इ.स. १९७०-७१ मध्ये काढून हजारोंना घुमट बांधायला शिकविले. त्यानंतर अनुभवाअंती घुमट राहण्यास गैरसोयीचे असतात असे जाहीर करून त्यांनी पुस्तकाचे पुनर्मुद्रण थांबविले आणि इ.स. १९७३ च्या ‘शेल्टर’ या ग्रंथात जगभरच्या लोकपरंपरेतील घरांकडे मोर्चा वळविला.

इतरत्र व पर्यायी मार्ग

२७ मे, इ.स. २००६ च्या भूकंपानंतर इंडोनेशियातील योग्यकर्ता प्रांतात न्यू न्गेलेपेन येथे काँक्रीटच्या अखंड कवचाची ७१ घुमटघरे बांधण्यात आली. रहिवाशांनी मागे स्वयंपाकघरे, पुढे पडव्या जोडल्या. गाव पर्यटकांचे आकर्षण बनले आणि त्यातून काहींना मिळकतही होऊ लागली. इराणी वंशाचे रचनाकार नादेर खलिली यांनी कॅलिफोर्नियात मातीच्या पोत्यांचे थर व काटेरी तार यांतून लहान घुमट बांधण्याची पद्धत विकसित केली. तिच्या मुळाशी इ.स. १९८४ मध्ये चंद्रावरील वस्तीसाठी मांडलेली कल्पना होती.

धाराशिव जिल्ह्यात व्यवहारात टिकला तो अधिक साधा मार्ग. जोत्याच्या, दारावरच्या व छताच्या पातळीवर सळईबंद काँक्रीटचे अखंड पट्टे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांत उभ्या सळया आणि माळवदावरील माती उतरवून हलके छत. दगडी व कमी ताकदीच्या बांधकामासाठी भारतीय मानक ब्यूरोने इ.स. १९९३ मध्येच काढलेल्या ‘आय. एस. १३८२८’ या मानकात हे उपाय दिलेले आहेत आणि मूळ जागी राहिलेल्या गावांतील घरांच्या मजबुतीकरणात त्यांवर भर देण्यात आला. हा पट्टा म्हणजे चौकोनी घराभोवती घातलेले घुमटाच्या तळाचे कडेच होय : भिंतींना बाहेर पसरू न देण्याचे काम दोन्हींत ताणातील पोलाद करते. खोलीचे कोपरे, कोनाडे, बळद मात्र जागच्या जागी राहतात आणि पुढच्या पिढीला नवा खण जोडताना तोच पट्टा पुढे नेता येतो. त्यासाठी पहिल्या बांधकामातच पट्ट्याच्या सळया भिंतीबाहेर फूट-दीड फूट काढून ठेवाव्या लागतात आणि गंजू नयेत म्हणून त्यांवर सिमेंटचा लगदा फासावा लागतो.